सुधावहिनींचं आरमार

रियाधपासून सगळ्यात जवळचा समुद्र चारशे किलोमीटरवर आहे. मराठ्यांच्या आरमाराच्या आमच्याकडच्या सर्वोच्च अधिकारी सुधावहिनी नेमक्या याच शहरात तिसऱ्या मजल्यावर राहतात. जन्म मिरजेचा. कृष्णेत पाय बुडवतानाही काठावरचं गवत घट्ट धरून ठेवणारं त्यांचं घराणं. लग्नानंतर नवऱ्याच्या बँकेबरोबर त्या थेट वाळवंटात आल्या आणि इथे, घागरभर पाणीही कुठे उघड्यावर दिसत नाही अशा ठिकाणी, त्यांना समुद्राचं वेड लागलं.

त्यांच्याकडे जेवायला गेलं की आधी लढाई होते, मग भाजी. टेबलाच्या मधोमध बटाटा, ते खांदेरी बेट. वांगी म्हणजे इंग्रजांची जहाजं. भेंड्या म्हणजे आपली गलबतं, आणि एखाददुसऱ्या दोडक्याला गुरबेचा, म्हणजे तोफांच्या मोठ्या जहाजाचा, मान. एकदा भूक अनावर होऊन गिरीशने, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, कडेची काकडी उचलून खाल्ली. ती जंजिऱ्याहून येणारी सिद्दीची कुमक निघाली. वहिनींनी लढाई पुन्हा पहिल्यापासून मांडली. आम्ही पाहुणे पोळ्यांच्या डब्याकडे बघत स्वराज्याच्या विजयाची वाट पाहत राहिलो.

पण थट्टा बाजूला ठेवून सांगतो, त्या बोलायला लागल्या की भूक विसरायला होतं. ज्यांचा जन्म घोड्याच्या पाठीवर गेला, त्या डोंगरातल्या माणसांनी खाडीत जहाजं बांधायला घेतली. वीसेक वर्षांत त्यांनी मुंबईच्या इंग्रजांच्या नाकासमोरचं बेट ताब्यात घेतलं. समोरची जहाजं उंच, तोफा जास्त, खलाशी जगभर फिरलेले. आपल्याकडे काय, तर तोफा वाहणारी गुराब आणि वल्ह्यांवर पळणारी चिमुकली गलबतं. मग जमलं कसं?

वहिनींचं उत्तर होतं, वारा. वारा पडला की शिडाचं मोठं जहाज जागच्या जागी खिळतं. तोफा सगळ्या कुशीत, आणि वळता तर येत नाही. अशा वेळी आपली गलबतं गुरबेला दोर बांधायची, वल्ही मारत तिला ओढत न्यायची, आणि शत्रूच्या पाठीमागे, जिथे त्याच्या तोफा जवळजवळ नाहीतच, तिथे नेऊन उभी करायची.

या वर्षीच्या शिवजयंतीला इथल्या मराठी मंडळात त्यांनी हेच सांगितलं. मागच्या रांगेत इंद्रनील होता. संगणकातला माणूस; पोरगा गुणी, पण पाणीपुरी खातानाही त्यातल्या पाण्याचे टक्के काढणारा. तो उठून म्हणाला, "वहिनी, हे म्हणजे सायकलने ट्रक ओढण्यासारखं झालं. तुम्ही कधी होडीत तरी बसला आहात का?"

सभागृह हसलं. वहिनीही हसल्या. गिरीशने नंतर मला सांगितलं की त्या दिवशी घरी आल्यावर तिने मुकाट्याने वांग्यांची भाजी केली. नुसती भाजी.

त्यानंतर पंधरा दिवसांनी गिरीश निवृत्त होणार होता. फायनल एक्झिट, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, इकामा, परत करायचा आणि कायमचं मिरजेला. निघताना लोक सोनं घेतात, हुफूफचा खजूर घेतात. गिरीशने वहिनींना विचारलं, तुला काय हवं? त्या म्हणाल्या, शिडाचं जहाज आणि थोडा पडलेला वारा.

अबकैकमधल्या एका ओळखीच्या फिटरने बदरुद्दीनचं नाव सुचवलं. हा रत्नागिरीकडचा, कतीफच्या किनाऱ्यावर एका अरब मालकाचं जुनं लाकडी जहाज सांभाळायचा. पर्यटकांना फिरवायचं, फोटोपुरतं शीड चढवायचं, इंजिनावर परत यायचं. फोनवर त्याला आमची गरज समजली तेव्हा त्याने ती पुन्हा एकदा सांगायला लावली. मग म्हणाला की लोक त्याच्याकडे वारा आहे का म्हणून विचारतात. वारा नसेल तर येतो म्हणणारं गिऱ्हाईक त्याने पहिल्यांदाच पाहिलं.

शुक्रवारी पहाटे निघालो. गिरीश, वहिनी, मी, आणि इंद्रनील. त्याला वहिनींनी स्वतः बोलावलं होतं. तो अवघडून मागे बसला होता आणि माफीसारखं काहीतरी बोलू पाहत होता. वहिनींनी त्याला थेपल्यांचा डबा दिला, म्हणजे ते बोलणं तिथेच बंद पडलं.

अबकैकच्या तेलप्रकल्पाच्या ज्वाळा डाव्या हाताला दिसू लागल्या तेव्हा इंद्रनीलला झोप लागली होती. वहिनी हळूच म्हणाल्या, "भावोजी, इतकी वर्षं सांगत आले. पण कधीकधी भीती वाटते. भेंडी हलवायला एक बोट पुरतं हो. हे सगळं मीच तर टेबलावर रचलं नाही ना?"

मी चेष्टेची चार वाक्यं तयार ठेवलेली असतात. त्याऐवजी मी पाण्याची बाटली त्यांच्यापुढे केली.

जहाज बघितलं आणि आम्ही चौघेही माना वर करून उभे राहिलो. टेबलावर ते दोडक्याएवढं असतं. इथे त्याची नाळ, म्हणजे पुढचं टोक, आमच्या डोक्यावर दोन माणूस उंच होती. काळं पडलेलं सागवान, मनगटाएवढे दोर, मागे बांधलेली एक छोटी होडी. सागरी पोलिसांनी इकामे पाहिले, इंजिन धडधडलं आणि किनारा मागे पडला. बदरुद्दीनने वहिनींच्या हौसेखातर शीड वर ओढायला लावलं. दोर ओढताना गिरीशने बँकेत तीस वर्षांत काढले नसतील असे आवाज काढले. शीड फुगलं, बदरुद्दीनने इंजिन बंद केलं, आणि एवढं मोठं लाकूड कुठल्याही आवाजाशिवाय पुढे सरकू लागलं. वहिनी कठडा धरून उभ्या होत्या. डोळे मोठे, तोंड उघडं. आणि मग त्याच उघड्या तोंडाने त्यांनी कठड्यावरून वाकून सकाळचा नाश्ता समुद्राला अर्पण केला. आमच्या आरमाराच्या सर्वोच्च अधिकाऱ्याला समुद्र लागला होता.

दुपारी वारा पडला. पडला म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. शीड ओल्या चादरीसारखं लोंबलं. पाणी काचेसारखं झालं. जहाज जरासं डुलायचं, करकरायचं, पण पुढे नाही, मागे नाही. सुकाणू फिरवून बघितलं, त्याचाही उपयोग नाही. मला एकदम त्या इंग्रज खलाशांची दया आली. असं उभं राहायचं, आणि लांबून वल्ह्यांचा आवाज जवळ येताना ऐकायचा.

"बाय, इंजिन चालू करू?" बदरुद्दीनने विचारलं.

वहिनी पडल्या जागेवरून उठल्या. चेहरा पांढरा, ओठ कोरडे. त्यांनी मागच्या होडीकडे बोट दाखवलं.

बदरुद्दीनने कपाळाला हात लावला. त्याचं म्हणणं असं की त्याचा बाप शिडावरचा होता आणि जन्मभर वाऱ्याला शिव्या घालत मेला. हा स्वतः डिझेलचा माणूस, डिझेल कधी रुसत नाही. आणि बाईला काही झालं तर कफील, म्हणजे तो अरब मालक, त्याला बोटीसकट विकेल. वहिनी ऐकून घेत होत्या आणि ऐकता ऐकता शिडीवरून खाली होडीत उतरत होत्या. शेवटी तो दोर घेऊन नाळेकडे गेला.

चार वल्ही, चार माणसं. आमची सरासरी कंबर स्वराज्याला परवडणारी नव्हती. वल्हं मारणारा मागे तोंड करून बसतो, त्यामुळे जहाज आमच्या अगदी समोर होतं, डोंगरासारखं. दोर ताठ झाला, पाणी निथळलं, आणि काही झालं नाही. आम्ही ओढलं. होडीच मागे खेचली गेली. पुन्हा ओढलं. माझे तळहात सोलवटले. गिरीश देवाचं नाव घेत होता. इंद्रनीलकडे मी मुद्दाम पाहिलं; तो दात-ओठ खाऊन, गणित बिणित विसरून, सगळ्यांत जास्त जोर लावत होता. वहिनींचे डोळे जहाजावर होते. ते जहाज होतं तिथेच होतं.

"एकदम मारा," त्या म्हणाल्या. "सगळे एकदम. हो म्हटलं की."

हो. हो. हो. किती वेळ, कोण जाणे.

मग नाळेखाली पाण्यावर एक बारीक सुरकुती उठली.

आधी वाटलं, डोळ्यांत घाम गेलाय. पण सुरकुती वाढली, नाळेच्या दोन्ही अंगांना पसरली. तो डोंगर आमच्याकडे बघत, सावकाश, आमच्यामागे चालू लागला. इंद्रनील वल्हं सोडून आ वासून पाहत राहिला. दोर सैल पडला, तरी जहाज थांबलं नाही; एकदा निघाल्यावर ते आमचं ऐकणार नव्हतं. ते थेट आमच्या अंगावर येऊ लागलं, तसे आम्ही जिवाच्या भीतीने पुन्हा वल्ही हाणायला लागलो.

"वहिनी, हे चाललंय," इंद्रनील धापा टाकत म्हणाला. लहान मुलासारखा आवाज होता त्याचा.

सागवानाची काळी नाळ वहिनींवर सावली टाकत येत होती आणि त्या मान वर करून तिच्याकडे पाहत होत्या. गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. इतकी वर्षं ज्यांच्याबद्दल त्या बोलल्या, त्या माणसांनी हे तोफांच्या तोंडासमोर केलं होतं. मागून गोळे येत असताना, शत्रूकडे पाठ करून.

वरून बदरुद्दीनचा आवाज आला. त्याला इंजिन चालू करायचं होतं, पण विचारताना तो जरा दबकून विचारत होता.

वहिनींनी मान हलवून नको म्हटलं आणि वल्हं पुन्हा पाण्यात घातलं.