तंबूच्या खुंट्या

सोलापूर शहरातल्या 'जुळे सोलापूर' भागात राहणारे जोतिराम दरवर्षी थंडीत बायको सोनाली आणि मुलगी प्रियदर्शनीला घेऊन उजनी धरणाच्या काठी तंबू ठोकून राहत. ही हौस कुठून लागली, असं कुणी विचारलं की म्हणत, "कॉलेजात गिर्यारोहण करायचो." खरं म्हणजे मेंढरांमागं फिरणाऱ्या आईबापासोबत त्यांचं बालपण कापडी पालातच गेलं होतं.

यंदा वाऱ्यानं तंबू आडवा झाला. जवळच मेंढरं चारणारी एक म्हातारी आली, तिनं खुंट्या तिरक्या करून पक्क्या ठोकून दिल्या आणि जोतिरामांकडं निरखून पाहिलं.

"तू आमच्या धुळाचा जोत्या न्हवं?"

ती केराबाई, त्यांच्या वडिलांची, धुळाची बहीण; त्यांची सख्खी आत्या. पण पोरीसमोर त्यांच्या तोंडून निघून गेलं, "नाही, तुमची काहीतरी चूक होतेय."

"आसंल बाबा. डोळ्यानं कमी दिसतंय आता," म्हणत ती वळली.

"बाबा, आजींना चहा तरी द्यायचा," प्रियदर्शनी म्हणाली.

जोतिरामांना मान वर करवेना. ते तसेच अनवाणी आत्यामागं धावले आणि तिच्या पाया पडले. "आत्या, मीच."

"वळखलं व्हतं की," ती म्हणाली. "पोरीम्होरं लाजलास व्हय?"

मुलगी चहा घेऊन आली, तेव्हा 'ही माझी आत्या' असं सांगत त्यांनी कप आत्याच्या हातात दिला.