नांगी नसलेला विंचू

नाशिकरोडजवळच्या त्या वस्तीतली बहुतेक पोरं चांगुणाबाईच्या पसरलेल्या पायांवर न्हाऊन मोठी झाली. तिच्या उजव्या मनगटावर विंचू गोंदलेला होता, पण त्याला नांगी नव्हती. लहानपणी दुखलं म्हणून ती गोंदताना मध्येच पळाली होती. "मावशीचा विंचू चावत नाय," असं बाळंतिणी हसून म्हणायच्या.

तिचा बाप तिला घेऊन इगतपुरीहून रंगूनला रेल्वेच्या कामावर गेला, लढाईत वारला आणि पोर एकटी परतली, एवढंच वस्तीला ठाऊक होतं. मधल्या काळात जपानी शिपायांनी तिला इतर मुलींबरोबर एका घरात कोंडून भोगलं, हे तिने नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही.

शहाऐंशी साली मुंबईच्या यादवबाई रंगूनहून परतलेल्या बायका शोधत आल्या. त्यांना माहितीपट करायचा होता. चांगुणाबाई पहिल्यांदाच बोलली.

"तोंड दिसायचं नाय. आवाजबी नाय."

"नाही, मावशी. आवाज दुसऱ्या बाईचा घालू. फक्त हात दाखवू."

हातांचं काय, हे दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

पुढे तो पट वस्तीच्या समाजमंदिरात चादर बांधून दाखवला. चांगुणाबाई भिंतीला टेकून मागे बसली होती. चादरीवर दोन हात आले, परक्या आवाजात त्या कोंडलेल्या घराची हकीकत सुरू झाली आणि तो विंचू परातीएवढा झाला. जिच्या नातवाला ती रोज न्हाऊ घालायची ती कुसाबाई पुढे बसली होती; तिने सावकाश मागे वळून पाहिलं. मग तिच्या शेजारणीने.

कोंडाजी गुरुजी उठले. "बंद करा हे. जपान्यांनी आपल्या आझाद हिंद फौजेला साथ दिली. असलं काही घडलंच नाही. पैसे देऊन बसवलेली बाई आहे ही."

चांगुणाबाईने मनगट पदराखाली घेतलं. गुरुजींचं खरं ठरलं तर ते हात कुणा परक्या बाईचे ठरले असते, तिचे नाहीत. नुसतं गप्प बसायचं होतं. बायका अजून तिच्याकडेच बघत होत्या.

तिने मनगट पदराबाहेर काढलं.

"गुरुजी, तुमचा मंगळू याच हातांनी न्हालाय. ती बाई मीच हाय. पैसे कुणी दिले नाय मला."

गुरुजी दाराकडे वळले. चपला शोधून निघून गेले.

सकाळी तिने रोजच्यासारखं पाणी तापवलं. कुसाबाईचा नातू यायची वेळ टळली. पाणी निवलं, तिने पुन्हा चुलीवर चढवलं.

दारात सावली पडली. कुसाबाई दुपट्यातलं बाळ छातीशी धरून उंबऱ्याबाहेरच उभी होती. तिची नजर मनगटावर होती. बाळ कुरकुरलं.

"कालपासून रडतंय," ती म्हणाली. "पाणी हाय का गरम?"

"हाय."

चांगुणाबाईने पाय पसरले.