किलिमांजारोवरचा शिरा

कमलाबाई बासष्टाव्या वर्षी नागपूरहून मुलाकडे, न्यू जर्सीतील वेस्ट विंडसरला आल्या आणि तेथील ग्रंथालयाच्या प्रौढ वर्गात आयुष्यात प्रथमच अक्षरे शिकल्या. दुसऱ्या वर्गात जाण्यासाठी सर्वांसमोर उभे राहून एका पर्वताविषयी इंग्रजीत बोलणे आवश्यक होते. डिसेंबरातल्या पहिल्या प्रयत्नात त्यांची वाचाच बसली होती. १९८७ च्या मे महिन्यात पुन्हा संधी मिळाली आणि चिठ्ठी निघाली आफ्रिकेतील किलिमांजारोची.

त्या ज्वालामुखीची तीन शिखरे त्यांनी पुस्तकात बोट ठेवून वाचली. "किबो. मावेन्झी. शि... रा. अगं संघमित्रा, इथं शिरा लिहिलाय!"

"आजी, इट्स अ नेम! नॉट फूड!" नात हसून गडाबडा लोळली.

"हस, हस. एक तरी शब्द ओळखीचा निघाला."

नातीने पुढचे समजावले. शिरा सर्वांत जुना. पोट रिकामे झाल्यावर त्याचा माथा आत खचला आणि पठार उरले. मावेन्झीला वाऱ्यापावसाने कोरून सुळके केले. किबो धाकटा, पण सर्वांत उंच. त्याचा लाव्हा शिऱ्याच्या अंगावर वाहत आला.

"हे तर मी कढईत रोज बघते. वाफ गेली की शिरा खाली बसतो."

"आजी, प्लीज, क्लासमध्ये शिरा नको हं!"

आयसेलिन गावातल्या भारतीय दुकानातून रवा आला आणि शिऱ्याने भरलेली परात वर्गात पोहोचली.

उभे राहताच कमलाबाईंना पाठ केलेले पहिले वाक्यच आठवेना. शिक्षिका मिसेस हॉलिस धीराने थांबल्या. कमलाबाईंनी परातीवरचे झाकण काढले. हात चालू लागले आणि हातांमागून शब्द आले.

शिऱ्याच्या तीन ढिगांपैकी एक त्यांनी वाटीने दाबला. "ओल्ड शिरा. इनसाइड एम्प्टी. रूफ डाउन." दुसरा चमच्याने कोरला. "मावेन्झी. विंड, रेन." तिसऱ्यावर खोबऱ्याचे बर्फ पेरले. "किबो. यंग. टॉप." मग किबोच्या माथ्यावरून लाव्ह्यासारखा गुळाचा पाक सोडला. तो संथपणे शिऱ्याच्या पठारावर उतरला.

"आणि हे सगळे ज्वालामुखी डेड आहेत का?" अशा अर्थाचे मिसेस हॉलिसनी इंग्रजीत विचारले.

"शिरा डेड. मावेन्झी डेड. किबो स्लीपिंग!"

मिसेस हॉलिसनी तेथेच कमलाबाईंचे नाव दुसऱ्या वर्गाच्या यादीत लिहिले. त्यानंतर चमचे बाहेर निघाले.

घरी रिकामी परात पाहून संघमित्राचे तोंड उतरले. "आजी, सगळा संपला?"

"शिरा आणि मावेन्झी संपले." कमलाबाईंनी पिशवीतून डबा काढला. "किबो तुझ्यासाठी झोपवून आणलाय."