गाडीच्या मागे उभा राहणारा माणूस

आमच्या घरमालकांनी आयुष्यात एकही गाडी चालवलेली नाही, आणि तरीही संगमनेरातली निम्मी वाहनं त्यांच्या परवानगीशिवाय मागे येत नाहीत. हे मी त्यांच्या खोलीत राहतो म्हणून लिहीत नाही, कुणालाही विचारा. भाजीबाजारात टेम्पो मागे घेत असतील, लग्नाच्या हॉलबाहेर फुलं लावलेली नवरदेवाची गाडी वळत असेल, कुठेही मागचा पांढरा दिवा लागला की हे हातातली पिशवी रस्त्याच्या कडेला ठेवणार आणि त्या गाडीमागे जाऊन उभे राहणार. उजवा हात वर, डावा पंजा गाडीच्या पत्र्यावर, आणि आवाज असा की पलीकडच्या गल्लीतल्या गाड्याही गोंधळून मागे याव्यात. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... जरा तिरकी घ्या... येऊ द्या... बाऽऽस!" गाडीवाला ओळखीचा असायलाच हवा असं नाही. एकदा तर एका गृहस्थांना गाडी मागे घ्यायचीच नव्हती, चुकून रिव्हर्स पडला होता. पण ह्यांनी त्यांना इतक्या मायेनं मागे आणलं की त्या गृहस्थांनी गाडी नीट लावली, काच खाली केली, आभार मानले, आणि मग आपण इथे कशाला आलो याचा विचार करत बसले.

सगळे त्यांना मास्तर म्हणतात. शाळेतले मास्तर नव्हेत. एसटीच्या कंडक्टरला आपल्याकडे मास्तर म्हणायची रीत आहे, आणि ह्यांचा सारा जन्म कंडक्टरकीत गेला. ड्रायव्हरला मागचं दिसत नाही, म्हणून कंडक्टरनं खाली उतरायचं, गाडीमागे उभं राहायचं आणि पत्र्यावर पंजा मारून सांगायचं. एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे चल. नोकरी सुटली, पण थापा सुटल्या नाहीत. जेवताना ताटाशेजारी एक थाप पडली की भात बास, दोन पडल्या की आणखी वाढा. न्हाणीघराच्या दारावर दोन थापा पडल्या की आतल्या माणसाने साबण डोक्यावर ठेवूनच बाहेर यायचं. एका रविवारी चर्चमध्ये उपदेश जरा लांबला, मास्तरांचा डोळा लागला, आणि झोपेतच त्यांनी पुढच्या बाकावर सणसणीत एक थाप मारली. पाळकसाहेब खरोखरच थांबले. त्यांनी लगेच गीत सांगितलं. मंडळी आजही त्या रविवारची आठवण काढून मास्तरांना सलाम करते.

ह्या सगळ्या प्रसंगी मी त्यांच्याशेजारी असतो आणि मान खाली घालून असतो. नव्या कोऱ्या गाडीवर पंजा बसला की मालक ओरडतो, "ओ काका, नवा पत्रा आहे!" मास्तर शांतपणे म्हणतात, "नवा हाय म्हनूनच हळू मारली." मालक मग माझ्याकडे बघतो. माझ्याच चुलत्याने केल्यासारखा मी "सॉरी सॉरी" करत राहतो.

पण त्यांना मी काय म्हणणार? मी भंडारा जिल्ह्यातला. नववीत शाळा सुटली. कारखान्यावर काम देतो म्हणून एका ओळखीच्याने इकडे बोलावलं, आणि मी निम्म्या वाटेवर आल्यावर त्याचा मोबाईल बंद झाला तो आजपर्यंत बंदच आहे. नाशिक-पुणे रस्त्यावरच्या ज्या गाडीत मी बसलो होतो तिचे कंडक्टर हे. त्यांच्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष. "कुठं उतरायचं रं?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "मले नाही माहीत." त्यांनी तिकिटाचं मशीन खाली केलं. "ज्याला उतरायचं ठिकाण न्हाई, त्याचं तिकीट कसं काढू?" मग त्यांनी स्वतःच ठिकाण ठरवलं आणि मला आपल्या घरी उतरवलं. घरात ते आणि त्यांची मुलगी, दोघंच. मुलगी दवाखान्यात नर्स आहे, मी तिला ताई म्हणतो. मागची खोली मला मिळाली. दुसऱ्या दिवशी मास्तर मला घेऊन गाड्यांची सीट कव्हरं आणि हॉर्न बसवणाऱ्या शेठच्या दुकानात गेले, आणि "ह्याला ठेवा" म्हणून काउंटरवर दोन थापा मारल्या. काउंटर काचेचं होतं. तडा अजून आहे, आणि मीही.

माझ्या बोलण्यावर त्यांचा फार जीव. मी "येऊन राहिलो" म्हणालो की ते म्हणणार, "गाडीत असं चालत न्हाई बाबा. एक तर आला, न्हाईतर राहिला." पण चारचौघांत मात्र मी त्यांचा इंजिनियर. "हे आमचे इंजिनियर," असं ते दूधवाल्यालाही सांगतात. त्यांच्या मते ज्याला गाडीतली वायर कळते तो इंजिनियर, कागद असो नसो. चर्चबाहेर एका काकांनी मला कौतुकाने विचारलं, "ब्रँच कोणती?" मी म्हणालो, "नाही, शेठचं हे एकच दुकान आहे." काकांनी चष्मा काढून पुसला. मास्तर मात्र म्हणाले, "बगा, किती साधा हाय!" त्या दिवशी मला कंपाउंडाच्या भिंतीत शिरता आलं असतं तर मी शिरलो असतो.

ताईने जुनी छोटी गाडी घेतली तेव्हा मास्तरांना स्वतःच्या मालकीचं मागचं अंग मिळालं. रोज सकाळी दारातून गाडी निघायची ती दोन थापांवर. गल्ली त्यावर घड्याळ लावायची. पण मास्तरांचे गुडघे कुरकुरू लागले होते. एका सकाळी "येऊ दे, येऊ दे" म्हणत ते स्वतः मागे सरकायला गेले आणि गुडघा अडकला. गाडीचा बंपर नडगीला टेकला. एक थाप वेळेवर पडली म्हणून बरं. "एवढं तर रोजचं हुतं आमचं स्टँडवर," असं म्हणून ते हसले. ताई हसली नाही. गाडी तिथेच बंद करून ती त्या दिवशी दवाखान्यात रिक्षाने गेली. ती संध्याकाळी मला म्हणाली, "मी दिवसभर मोडलेली हाडंच बघते. उद्या माझ्याच हातून पप्पांचं काही झालं तर मी काय करू? मागचा कॅमेरा बसव. त्यांना गाडीमागे उभंच राहायला नको."

तिचं म्हणणं चूक नव्हतं. आणि ते काम दुकानात माझ्याच हातचं होतं.

ताईने घरात सरळ सांगितलं, "पप्पा, गाडीला मागे कॅमेरा बसवतोय." मास्तर खूश. कॅमेरा म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे स्टँडवरचे, दुकानातले कॅमेरे. "झ्याक केलं. चोर लई झालेत. मागनं यायचं, डिकी उचकटायची. आता समदं दिसंल." ताई माझ्याकडे बघायला लागली, मी चपलेकडे. त्यांचा गैरसमज आम्ही तसाच राहू दिला.

ज्या दिवशी बसवायचा त्या दिवशी ते माझा डबा घेऊन दुकानात हजर. मी नंबरप्लेटच्या वर भोक पाडत होतो, तर ते बॅटरीचा उजेड धरून उभे. डिकीच्या रबरी नळीतून वायर ओढताना दुसरं टोक त्यांच्याच हातात. येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगणं चालूच: "हळू बोला. इंजिनियर काम करतायत." कॅमेऱ्याबरोबर बंपरमध्ये ते गोल बटणांसारखे सेन्सरही बसवायचे होते. ते बघून म्हणाले, "हे काय, चोराला मोजायला?" मी नुसतं हसलो. हसताना माझे कान तापले होते. मग शेठ म्हणाले, "चित्र बघून घे रे, कुणाला तरी मागे उभं कर." कुणाला म्हणजे काय, मास्तर गेलेच. मी पुढे बसून रिव्हर्स टाकला. छोट्या पडद्यावर हिरवी, पिवळी, तांबडी रेघ उमटली, आणि बरोबर सगळ्यांत जवळच्या तांबड्या रेघेत दोन्ही हात वर करून मास्तर उभे होते. सेन्सरचा आवाज मी अजून जोडला नव्हता. बाहेरून ते ओरडले, "दिसतोय का रं चोर?" मी म्हणालो, "दिसून राहिला." नेहमीसारखी त्यांनी माझी चूक काढली नाही. इतके ते आनंदात होते.

चर्चच्या कंपाउंडात गाडी वळवायला जागा नाही. एका बाजूला कडुलिंब, दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी, आणि मधलं फाटक अरुंद. आराधना संपली की सगळ्या गाड्या एकामागून एक मागे मागेच बाहेर काढाव्या लागतात, आणि मास्तर फाटकात उभे राहून एकेकीला सोडतात. कित्येक लोक केवळ तेवढ्यासाठी थांबतात. कॅमेरा बसवला तो शनिवारी; रविवारी सकाळी सेन्सरचा आवाज जोडून मी गाडी दुकानातून थेट चर्चला आणली होती, आणि त्या दिवशी बाहेर निघणारी पहिली गाडी ताईचीच होती. मी तिच्या शेजारी बसलो होतो. मास्तर मागे गेले, हात वर केला, पत्र्यावर दोन थापा. "येऊ दे!"

ताईने काच खाली केली. "पप्पा, बाजूला व्हा. मला दिसतंय."

"दिसतंय कसं? म्होरं बघून गाडी मागं घेतीस व्हय?"

तिने गाडी जराशी सोडली. आणि गाडीत ते वाजायला लागलं. टूं... टूं... टूंटूंटूं.

मास्तरांनी एक थाप मारली. गाडी थांबली. ते खिडकीशी आले. "ही शिट्टी कोन मारतंय?"

"सेन्सर आहे, पप्पा. तुम्ही मागे जवळ उभे राहिलात म्हणून वाजतोय. बाजूला झालात की थांबेल."

मास्तर परत मागे जाऊन उभे राहिले. वाजलं. एक पाऊल बाजूला झाले. थांबलं. पुन्हा मागे गेले. पुन्हा वाजलं. लोक हसायला लागले. कुणीतरी म्हणालं, "मास्तर, तुमची बदली झाली!" मास्तरही हसले, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. मग माझ्या बाजूच्या खिडकीशी वाकून अगदी हळू म्हणाले, "आमच्या गाडीत दुसरा कंडक्टर बसवला व्हय रं?"

मी "हो" म्हणालो की नुसती मान हलवली, मला आठवत नाही. ताई गाडी एकटीच बाहेर घेऊन आली, छान आणली, कुठे घासली नाही. मास्तर मागच्या सीटवर येऊन बसले. बाकीच्या गाड्या फाटकात त्यांची वाट बघत हॉर्न वाजवत राहिल्या. ते उतरले नाहीत. घरापर्यंत फक्त एकच वाक्य बोलले, तेही माझ्याशी: "काम मातर चोख केलंस."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या खायची मला सवय आहे. पुढचे काही दिवस ताटाशेजारी थाप पडली नाही. जेवढं वाढलं तेवढं खाऊन उठायचे. बाजारात टेम्पो मागे येताना दिसला की पाय आपोआप वळायचे, पण आधी वाकून ते त्याच्या नंबरप्लेटच्या वर बघायचे. "ह्याला बी हाय," म्हणायचे आणि पिशवी न ठेवताच पुढे चालायला लागायचे. मी शेजारी असायचो. आता कुणी गाडीवाला माझ्याकडे रागाने बघत नव्हता, आणि तरी मान वर होत नव्हती. ज्या माणसाने मला दोन थापांवर कामाला लावलं, त्याच्याच जागेवर मी चार बटणं बसवली होती. एक वायर सैल करून ठेवावी, असंही मनात आलं. पण ताई त्या दिवशी रिक्षाने गेली ते आठवलं, आणि मी पक्कड परत पेटीत टाकली.

परवा सकाळी ताईची घाई होती. "गाडी तेवढी दारातून काढ," म्हणून तिने किल्ली माझ्याकडे फेकली. मी बसलो, रिव्हर्स टाकला, तर पडद्यावर नुसता धुरळा. उसाच्या ट्रॉल्यांमागून आलेली गाडी, भिंग मातीने भरलेलं. उतरून पुसणार, तेवढ्यात पडद्यावर एक मोठा चौकडीचा रुमाल आला. गोल गोल फिरला. रुमाल बाजूला झाला आणि मास्तरांचं नाक, मग मिशा, मग सगळा चेहरा दिसला, इतका जवळ की पडद्यात मावत नव्हता. भिंगावर फुंकर मारून त्यांनी पुन्हा पुसलं. मग गुडघ्यावर हात ठेवत उठले आणि मागे मागे जात आमच्या घराच्या फाटकाच्या खांबाशी, हिरव्या रेघेच्याही पलीकडे जाऊन उभे राहिले. काही वाजलं नाही. त्यांनी हात वर केला.

मी थापांची वाट बघत होतो. पडेनात. शेवटी उतरलो.

"मास्तर, थाप मारा ना. माझ्यानं गाडी हलून नाही राहिली."

"नगं," ते म्हणाले. "आत तुजी जोडनी हाय. हादऱ्यानं एखादी वायर ढिली झाली तर नाव तुजं जायाचं. शेठ म्हनंल, इंजिनियर असा कसा."

 मी परत गाडीत जाऊन बसलो. पडद्यावर ते खांबाशी लहानसे दिसत होते. त्यांनी पंजा उचलला आणि पत्रा असतो तेवढ्या उंचीवर, हवेतच, दोनदा मारला. कॅमेऱ्यातून आवाज येत नाही. हे ठाऊक असूनही मी काच खाली केली, आणि मगच गाडी मागे सोडली.