गढीची पांढरी माती

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही. आत्तासुद्धा लिहायला बसलो आणि दोनदा उठून अंगणात चकरा मारून आलो.

सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडं आमचं गाव. गावाबाहेर जुनी गढी आहे—एकच बुरूज उभा, बाकी ढिगारे. परीक्षा संपली त्या रविवारी वर्गातली पाच-सहा जणं ती बघायला आली. धरणापासून बांधाबांधानं चालत निघालो. गजानन सगळ्यांच्या पुढं. तो पोलीस भरतीसाठी रोज पहाटे पळायचा. साधं चालतानाही त्याला मागं राहणं जमायचं नाही. कॉलेजात माझ्याशी पहिल्यांदा कोण बोललं असेल, तर तोच.

आता—आमचं घर माळवदाचं. लाकडांवर मातीचं छप्पर. पावसाळ्याआधी त्यावर पांढरी माती अंथरावी लागते, नाहीतर गळतं. ती आम्ही गढीतून आणायचो. चांगली चिकट माती बुरुजाच्या पोटात लागते, म्हणून खालून कोरत जायचं. त्याच उन्हाळ्यात मी तिथं माणूस बसेल एवढी पोकळी केली होती. तिच्यापुढं बोरीचं झुडूप होतं. बाहेरून काहीच कळायचं नाही.

वर्गात मी सांगितलं होतं, आमचं घर स्लॅबचं आहे. का सांगितलं? घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच—पण राहू द्या, ते काही कारण नव्हे.

गजानन बुरुजापाशी थांबला. "काय रे, चढू का? धसायचं न्हाई ना?"

"भरतीत बुरूज चढायला लावतेत का रे?" कुणीतरी चिडवलं. सगळे हसले.

"तू इथला ना? सांग की लेका."

मला सांगायचं होतं. खरंच होतं का? सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता—तुला कसं माहीत?

"मला काय माहीत," मी म्हणालो. "मी तिकडं कधी गेलोच न्हाई."

वर पोचून त्यानं हात हलवला, आणि कड खाली आली. तिच्यासोबत तोही.

मांडीचं हाड जुळलं, पण पाय आखूड राहिला. भरती संपली. फोटोच्या नादात चढला, असं सगळे म्हणाले. दवाखान्यात त्याच्या वडिलांसमोर मीही मान हलवली.

आता तो कनेरगाव नाक्यावर, वडिलांच्या धाब्यावर असतो. वाशिमला जाताना मी उतरतो. बाकड्यावर बसवत नाही. बसकडं बघत उभाच राहतो. तो पाय ओढत चहा आणतो.

"काहून उभा राहून राहिला? बस की. अजून तेच डोक्यात हाय का? तुला काय माहीत होतं बाबा, तू तर कधी गेलाच नव्हतास तिकडं."

मी व्हय म्हणतो.

त्या पावसाळ्यात आमचं घर थेंबभरही गळलं नाही.