जुन्या डिस्कवरचे यजमान

घरातला संगणक मी घेतलेला नाही आणि त्याला कधी हातही लावला नाही. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. पण त्यात जे भरलंय ते माझं आहे. इथे उत्तरेत, रामघाटावर आम्हा तीर्थपुरोहितांकडे उतरणाऱ्या यजमानांच्या वह्या. कोणत्या गावचं घराणं, कोण कुणाच्या अस्थी घेऊन आलं, ते प्रत्येकाने स्वतःच्या हाताने लिहिलेलं. सूनबाईने एकेका पानाचा फोटो काढून ठेवला. त्या फोटोंनी डिस्क भरली. मग म्हणाली, "बाबा, मोठी डिस्क लावायची. मेकॅनिक येऊन संगणक आहे तसाच्या तसा तिच्यावर उतरवेल. वह्यांसकट."

वह्यांसकट म्हटल्यावर मी कान टवकारले. शेजारच्या गल्लीतल्या पंड्यांच्या हाती ही माहिती लागली, की स्टेशनावरच कुणीतरी यजमानापुढे हात जोडून उभा, 'आम्हीच तुमचे पुरोहित.' असं झालेलं मी पाहिलंय.

मेकॅनिक पन्नाशीचा, गालात पान. मी खुर्ची त्याच्या पाठीशी टाकली. त्याने नवी डिस्क वायरने जोडली, पडद्यावर हिरवी पट्टी सरकू लागली. दोन तास मी लघवीलाही उठलो नाही.

"पंडितजी, डाका डालने नहीं आया हूँ."

"डाकू भी यही कहता है."

पट्टी संपली. त्याने जुनी काढून नवी आत बसवली, बटण दाबलं. पडद्यावर तोच गणपती, सगळं जिथल्या तिथे. माझा संशय दुप्पट झाला. काहीच बदललं नाही, तर हा दोन तास करत काय होता?

वर जुनी डिस्क पिशवीत टाकू लागला. म्हणे, कुणाच्या तरी कामी येईल.

"इधर दो," मी हात पुढे केला.

"रिकामी झाली ना ती?" मी सूनबाईला विचारलं.

"नाही बाबा, नक्कल केली. जुनीतही सगळं आहेच."

म्हणजे बघा! मी ती उपरण्यात गुंडाळून मांडीवर ठेवली. मग नवीची परीक्षा घेतली. मी गाव सांगायचो, घराण्यातली नावं तोंडपाठ म्हणायचो, सूनबाई पान उघडून ताडून बघायची. बारा घराणी बरोबर निघाली. साताऱ्याकडच्या एका घराण्यापाशी ती थांबली.

"धाकट्या भावाचं नाव नाहीये यात."

"गळलं! मी म्हणत नव्हतो?"

"फोटो में से एक लाइन कैसे गिरेगी, पंडितजी?" मेकॅनिक हसला.

मी तावातावाने वही काढली, तांबडं फडकं सोडलं. पान उघडलं. थोरल्याचं अक्षर होतं. त्याखाली कोरं.

धाकटा आईच्या अस्थी घेऊन आला होता. नावेत माझ्यासमोर बसून रडला होता. गाडीची वेळ झाली, लिहायचं राहिलं. मीच म्हटलं होतं, पुढच्या खेपेला लिहा. तो पुन्हा आला नाही, आणि मी समजत होतो की त्याचं नाव वहीत आहे.

"सांगा, मी टाइप करते," सूनबाई हळूच म्हणाली.

"नाही. त्याने किंवा त्याच्या घरच्याने येऊन लिहायचं. नंबर आहे कुणाचा?"

"त्याच्या पुतण्याचा आहे."

"लाव."

मेकॅनिक पिशवी घेऊन उभा होता. त्याला मी जा म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. पलीकडे फोन वाजत होता, आणि मी पुढची पानं उलटून बघत होतो, आणखी कुठे कोरं राहिलंय.