फळ्याचा फोटो

शाळेत त्यांना आकृतीबाई म्हणत. शिकवायच्या जीवशास्त्र, पण नाव पडलं ते फळ्यावरून. डोळा काढला तर मागच्या बाकावरच्या पोराला तो आपल्यावरच रोखलाय असं वाटायचं. अक्षर तर विचारूच नका. पुढच्या तासाला येणाऱ्या गणिताच्या सरांना तो फळा पुसवत नसे. ते बिचारे कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेत दाटीवाटीने गणितं मांडत.

शाळेने मुलांना आपापले फोन वर्गात आणायची परवानगी दिली, तेव्हा सगळ्या शिक्षकांनी कपाळाला हात लावला. बाईंनीही लावला. पण मुलांनी वही न उघडता फळ्याचे फोटो काढले आणि बाई मनातून हरखल्या. आजवर शाळा सुटली की त्यांची कला डस्टरखाली जायची. आता ती घरोघरी जाणार होती. मग काय, बाई समास सोडू लागल्या, पडदा ओढून फळ्यावरची चकाकी घालवू लागल्या. आकृती पुरी झाली की स्वतःच बाजूला सरकून "घ्या" म्हणत.

"मुलं लिहीत नाहीत मग?" घरी नवऱ्याने विचारलं.

"लिहून माझ्यासारखं येणार आहे का त्यांना?"

पुढच्या वर्षीच्या वर्गाने मात्र फोन उचललेच नाहीत. वरच्या वर्गाकडून सगळे फोटो त्यांना आधीच मिळाले होते. बाई शिकवत आणि पोरं पुढच्या महिन्याचा फळा बघत बसत. बाईंना ते फार लागलं, पण तेवढ्यावर भागलं नाही. एकदा हृदयाची आकृती काढून त्या म्हणाल्या, "फुफ्फुसांकडे रक्त जातं ते हृदयाच्या उजव्या बाजूने."

"डाव्या, बाई," एक मुलगा फोनमधून मान वर न काढता म्हणाला.

बाईंनी त्याचा फोन हातात घेतला. फळा त्यांचाच होता. गेल्या वर्षी अंगात ताप असताना घेतलेला तास. डावं-उजवं उलट लिहिलेलं, तेही देखण्या अक्षरात. त्या वर्षी त्यावर प्रश्न आला नव्हता, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं इतकंच.

"हे चुकलंय," बाई म्हणाल्या. "आज सांगतेय ते बरोबर."

वर्गाने माना डोलावल्या आणि सहामाहीत झाडून सगळ्यांनी डावी बाजू लिहिली. अपवाद फक्त एका मुलीचा. तिच्या फोनचा स्क्रीन फुटलेला होता, त्यामुळे नाइलाजाने ती बाईंचं ऐकत असे.

बाईंनी त्या प्रश्नाला बाकी सगळ्या वर्गाला शून्य दिलं. लगेच पालक फोटो घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून तो फोटो समोर धरला.

"अक्षर तुमचंच ना?"

कुणीतरी खोडसाळपणा केलाय, असं म्हटलं असतं तर खपूनही गेलं असतं. पण बाईंना आपलं अक्षर नाकारता येईना. "माझंच," त्या म्हणाल्या.

"मग दोन्ही उत्तरं बरोबर धरा आणि मिटवून टाका. बाहेर बोभाटा झाला तर तुमचंच नाव खराब होईल."

वाईट हे की, बाईंना ते पटलं. त्यांनी गुण वाढवून पेपर वाटले, वर्ग खूश झाला. तेवढ्यात ती मुलगी टेबलाशी आली.

"बाई," ती हळूच म्हणाली, "मग रक्त नेमकं कुठून जातं?"

बाईंना तिच्याकडे बघवेना. इतकी लाज त्यांना कधीच वाटली नव्हती. त्यांनी फळा पुसला, पुन्हा हृदय काढलं, नावं नीट दिली, आणि वर लिहिलं: गेल्या वर्षीची आकृती चुकीची आहे. चूक माझी आहे. खाली सही ठोकली. नाव गेलं तर गेलं. मग सवयीने बाजूला सरकल्या.

"घ्या फोटो. खालच्या वर्गालाही पाठवा."

एकही फोन वर आला नाही.

"बाई," मागून कुणीतरी विचारलं, "हे वार्षिकला आहे का?"

नव्हतं. सहामाहीचा धडा वार्षिकला धरतच नसत.

"आहे," बाई म्हणाल्या. वर्गात जाणूनबुजून खोटं बोलण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती, आणि त्यासरशी सगळ्या वर्गाचे फोन वर आले.